दादांची पडवी

चि. मनस्वी, सप्रेम जयभीम.

कंपनीत रसायन उडून डोळे गेले, तरी तुझे दादा रोज चहा झाला की पडवीत चित्र काढायला बसायचे. ते मागतील तो रंग मी हातात द्यायची. काल त्यांनी पूर्णगडची खाडी रंगवली.

"कशी झालीय?"

"छान."

"रेणू, तू तरी खोटं बोलू नको."

मग सांगितलं, "सगळे रंग मिसळून चिखल झालाय."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

आज सकाळी म्हणाले, "पडवी मोकळी कर. लाकडं भरू तिथे." मी भरली. ते आत भिंतीकडे तोंड करून पडलेत.

मुंबईहून फोन केलास की तू विचारतेस, "दादा रंगवतो ना?" हे पत्र मी टाकणार नाही. तुला हो म्हणूनच सांगेन.

तुझी वहिनी,
रेणुका