तारादेवीचं स्वप्न

४ ऑगस्ट
पाऊस, सलग तिसरा दिवस. आमच्या या कोरड्या डोंगरात! आमच्या गोंपाच्या, या लहानशा मठाच्या, छपराची माती ओघळून अंगणात आली. देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला बारीक भेग होती, तिच्यात आज माझी बोटं गेली.

५ ऑगस्ट
भेगेत मनगट मावतं.

७ ऑगस्ट
पाऊस उघडला. गावचा मुखिया उर्गेन चढून आला. भिंतीवर हात फिरवत बराच वेळ उभा. मग म्हणाला, "पलझेस, अजून एक पाऊस आला की ही गेली. दोघी खाली चला. शाळेमागची खोली रिकामीच आहे."
आने यांगस्कित, आमच्या थोरल्या भिक्षुणी, सातूचं पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिला ने. मी एकसष्ट वर्षं इथे दिवा लावतेय. उद्या सकाळी देवीला पाणी कोण ठेवणार, तुझा बाप?"
उर्गेन हसला. मला हसू आलं नाही.

९ ऑगस्ट
खालच्या मठातून गेशे, तिथले विद्वान भिक्षू, आले. तारादेवीची मूर्ती मातीची, भिंतीतच घडवलेली. ती हलणार नाही. गेशे म्हणाले, पूजा करून देवीला आरशात बोलवू, आरसा खाली नेऊ. नवी मूर्ती होईपर्यंत ती आरशात राहील.
आनेंनी सगळं ऐकून घेतलं. "देवी जाते तर जाऊ दे. मागे राहिलेल्या मातीला सोबत नको?"
गेशे पूजेचा दिवस न ठरवताच उतरले.
आम्ही इथे पाच भिक्षुणी होतो. दोघी वारल्या, एक लेहला गेली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, वडिलांनी इथे आणून सोडलं. आनेंनी अक्षरं शिकवली. हातावर काठीही बसली. जवळ घेतल्याचं आठवत नाही. तरी त्या उतरल्याशिवाय मी उतरणार नाही. हे कुणाला बोललेले नाही — त्यांनाही नाही.

१० ऑगस्ट
खोटं बोलले.
सकाळी चूल पेटवताना म्हटलं, "आने, पहाटे स्वप्न पडलं. तारादेवी उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, यांगस्कितला सांग, मी तिच्याच हातून उतरेन."
त्यांची माळ थांबली. "रागावली होती?"
"नाही."
"थकलेली दिसली?"
"थोडी."
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. गेशेंना निरोप धाड."
एकतीस वर्षं पाळलेलं व्रत, आणि मोडताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

१३ ऑगस्ट
पूजा झाली. पिवळ्या रेशमात गुंडाळलेला आरसा आनेंनी छातीशी बांधून घेतला. दोन तासांची वाट, आम्हाला पाच लागले. मी हात पुढे केला की "बाजूला सर, मला दिसतंय." त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. कितीदा, कुणास ठाऊक.
खाली सगळं गाव धूप घेऊन उभं होतं. बायका डोळे पुसत होत्या. आनेंनी आरसा गेशेंच्या हाती दिला आणि तिथेच मटकन खाली बसल्या.

१४ ऑगस्ट
आने जेवल्या नाहीत.

१५ ऑगस्ट
आजही नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात. मी हे काय केलं?

१९ ऑगस्ट
परत पाऊस. दुपारी दरड कोसळावी तसा आवाज झाला. उर्गेन वर जाऊन आला. देऊळ गेलं. आमची राहायची खोलीही. छपराची तुळई थेट आनेंच्या बिछान्यावर पडलीय, म्हणाला.
तेव्हापासून माणसांची रीघ. "देवीनं स्वप्नात येऊन वाचवलं!" — आणि माझ्या पायांना हात लावतात. मी पाय ओढून घेते, तर म्हणतात किती नम्र!
उद्या आनेंना खरं सांगायचं. मग त्यांनी हाकलून दिलं तरी चालेल.

२० ऑगस्ट
सांगितलं. "आने, मला स्वप्न पडलंच नव्हतं."
"माहीत आहे."
"मग उतरलात कशाला?"
"मी राहिले असते, तर तू राहिली असतीस."