यंदा कुट्स गात नाहीत

१९ एप्रिल

ती. ताईस,
हिलारियोचा नमस्कार. काम्पेचे शहरात नुसताच उकाडा असेल; इथे त्याच्या जोडीला गायनही आहे.

तक्रार गंभीर आहे. परसातल्या रामोनच्या झाडावर एका कुट्सने मुक्काम ठोकला आहे. निळं मस्तक, त्यावर नारिंगी पुटकुळ्या, शेपटीत मोरासारखे डोळे. रानटर्कीला एवढं ऐश्वर्य देऊन विधात्याने गळा मात्र फुटक्या ढोलाचा दिला! उजाडायच्या आत ढुबढुब सुरू होते, आणि मग तान अशी चढते की मक्याचं पीठ मळता मळता एर्मिलाचे हात थांबतात. गावातल्या पक्ष्यावर बंदूक धरायची नाही, हा आपलाच नियम. तेव्हा मी निरुपायाने अहिंसेचं पालन करतो आहे.

बाबांना मात्र काही त्रास नाही. परवा झाडाखाली उभे राहून म्हणाले, "यंदा नर मुके झालेत रे. हा बघ, नुसता जांभया देतोय मेला!"

पक्षी तेव्हा आकंठ गात होता.

एर्मिला त्यांच्या पाठीमागून हसली. "मामंजी, सकाळी सकाळी चेष्टा करता होय आमची?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग तीही हसायची थांबली.

समोर उभं राहून बोललं की त्यांना सगळं कळतं. म्हणून तर आमच्या इतके दिवस ध्यानात आलं नाही.

शिकारीला ते अजून एकटेच जातात. नराच्या गाण्यावरून झाड हुडकायची त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. जवळच्या रानात गाणं नाही, म्हणून रोज आणखी थोडं आत. काल परतले तेव्हा आमची जेवणं उरकली होती. म्हणाले, "उद्या जुन्या पाणवठ्यापलीकडे जातो. तिकडे गात असतीलच."

"मी येतो सोबत."

"नको. तुझ्यासारख्या शाळामास्तरांच्या पावलांचा आवाज मैलभर जातो."

सांगायला दोनदा तोंड उघडलं. पानांच्या सळसळीवरून हरीण ओळखायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्या शब्दाबाहेर ते जात नाहीत. तू ये.

ताई, रानात त्यांचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर सारं गाव हाका मारत आत शिरेल. ते चार पावलांवर बसलेले असतील आणि ओ देणार नाहीत. मला याचीच भीती वाटते.

तुझी वाट पाहणारा,
हिलारियो