बाबा लोकांना शांत करतात

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे अजून एकमेकांच्या अंगावर धावून गेलेलो नाही.

बाबांचं नवं वेड तुझ्या कानावर आलंच असेल. आयुष्यभर बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस निवृत्त झाल्यावर लोकांची आयुष्यं दुरुस्त करायला बसला. रोज सकाळी स्वयंपाकघरात मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि ‘मित्रांनो, मन शांत ठेवा’ अशी सुरुवात करायची. (मध्येच कुकरची शिट्टी झाली की त्याच तोंडून आईला जे ऐकावं लागतं, ते व्हिडिओतून कापायचं काम माझ्याकडे.) लोक मात्र खुळ्यासारखे बघतात. दातांच्या दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घेते, तर गाल सुजलेली माणसंसुद्धा कशीबशी विचारतात, तुम्ही त्यांचीच मुलगी ना?

गेल्या आठवड्यात कहर झाला. दारात एक किडकिडीत गृहस्थ, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात टेबलावरच्या रोपाची कुंडी. बाबांनी एकदा सांगितलं होतं, मनात असेल ते तोंडावर बोलून मोकळे व्हा. हा छापखान्यातला मुद्रितं तपासणारा माणूस साहेबांना सगळं बोलला आणि खरोखरच मोकळा झाला, नोकरीतून. आता पुढे काय करू, हे विचारायला आला होता. बाबा बाथरूममध्ये जाऊन बसले. आईने त्याला जेवायला वाढलं, मग बाथरूमच्या दाराशी जाऊन म्हणाली, “बाहेर या. त्याची बायको घरी वाट बघत असेल. तिला काय सांगायचं, ते तरी सांगा.”

बाबा तडक त्याला घेऊन त्याच्या साहेबांकडे निघाले. मलाही नेलं. (धीर यावा म्हणून. मला नव्हे.) साहेब बाबांना बघून उठून उभेच राहिले. “अहो, तुम्ही! मी रोज ऐकतो तुम्हाला. नको ती माणसं आयुष्यातून काढून टाका, हे तुम्हीच म्हणालात. म्हणून तर याला काढला!”

मागे यंत्रं धडधडत होती आणि दोघंही बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबा घाम पुसत म्हणाले, “मी लिफ्ट दुरुस्त करत होतो हो. माणसांतलं मला काही कळत नाही. याला परत घ्या.”

घेतलं. (कुंडीसकट.)

तेव्हापासून बाबांनी एकही व्हिडिओ केलेला नाही. घरभर नुसत्या येरझारा. बसतात, उठतात, पंखा लावतात, बंद करतात आणि मध्येच विचारतात, “काढून टाका असं मी खरंच म्हणालो होतो?” आई म्हणते, यापेक्षा ओरडत होते तेच बरं होतं.

तुझी भाची

ता. क. : तो ‘काढून टाका’चा व्हिडिओ शिवणयंत्रावरून झालेल्या तुझ्या-बाबांच्या भांडणानंतर दुसऱ्याच दिवशी केलेला होता. तो कुणावर होता हे तुला कळलंच. म्हणून तर तू आमचे फोन घेत नाहीस आणि मला पत्र लिहावं लागतंय. हल्ली तुझा फोन एकदाच वाजून बंद होतो ना? तो चुकीचा नंबर नाही. बाबा शेजाऱ्यांच्या फोनवरून लावतात आणि तू उचलशील या भीतीने लगेच कापतात. कृपा करून फोन हातात घेऊनच बस.

आणखी ता. क. : ते माफी मागणार नाहीत. ‘मीठ कमी खा’ म्हणतील. तीच माफी समज आणि मग खुशाल चार शब्द सुनाव. इकडून बाबांच्या ओरडण्याचा आवाज आला की आई आणि मी सुटकेचा निःश्वास टाकू.