तळहातावरचं सांबार

आई, माझं काम नेमकं काय ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, मुलगी कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते एवढंच तुला ठाऊक. तर ऐक. अंधेरीच्या एका ऑफिसात मी प्रोग्रॅम लिहिते. प्रत्येक प्रोग्रॅम नीट चालतो ना, हे बघायला त्याच्या छोट्या छोट्या चाचण्या लिहून ठेवायच्या असतात. पूर्वी त्या आम्ही आठवणीने चालवायचो, म्हणजे घाईत हमखास विसरायचो. म्हणून मी अशी सोय केली, की फाइलमधलं एक अक्षर जरी बदलून सेव्ह केलं, तरी सगळ्या चाचण्या आपोआप धावतात. ठीक असेल तर स्क्रीनवर हिरवं, बिघडलं असेल तर लाल. शेजारी बसणारी मैत्रीण वैतागली. "यार, मी एकच ओळ बदललीय. बाकीचं सगळं परत कशाला तपासतंय हे?"

मला हसू आलं, कारण हाच प्रश्न मी तुला विचारला होता. घाटकोपरच्या आपल्या स्वयंपाकघरात मी ओट्याशी हात पसरून उभी आहे, तू काळ्या वाटाण्याचं सांबार करते आहेस. खोबऱ्याचं वाटप घातलंस की फुंकर मारून एक थेंब माझ्या तळहातावर. आंबटपणाला कोकमाची सोलं टाकलीस की पुन्हा थेंब. मी कंटाळून म्हणते, "मीठ आत्ताच तर बघितलं ना?" आणि तू चमचा माझ्यावर उगारून म्हणतेस, "एक पडला काय बाकीच्याची चव बदलता गो. मगाशी बरोबर होता म्हणान आता बरोबर असतला असा नाय."

फक्त गणपतीत तुझी पंचाईत व्हायची. नैवेद्याच्या स्वयंपाकाला देवाआधी कुणी तोंड लावायचं नाही, म्हणजे चव बघायची सोयच नाही. बाबा पहिला घास घेईपर्यंत तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचीस. माझ्याशी कधीही मालवणी न बोलणारे बाबा तुझ्याशी तेवढं बोलायचे, आणि तेही खोड काढायला. आंबट झालं, तिखट कमी पडलं, काय असेल ते तोंडावर. तू फणकारायचीस, "उद्यापास्ना तुमीच रांधा." आणि ते भात मागून घ्यायचे.

तू गेल्यापासून त्यांनी एकदाही खोड काढली नाही. आता ते मुलुंडला माझ्याकडे असतात, आम्ही दोघंच. मी काहीही वाढलं तरी "छान आहे." खोबरं करपलं तरी छान. आणि ताटात अर्धी पोळी तशीच. पँट पट्ट्याने आवळून धरलेली असते. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खात नाहीत एवढंच. त्यांना काय हवंय हे ते सांगेनात, आणि मला कळेना. फार भीती वाटायची गं.

गणपतीच्या तोंडावर ऑफिसात एक चाचणी सापडली, कित्येक महिने नुसती हिरवीच. मैत्रीण म्हणाली, "ही कधी लालच होत नाही? मग काही बघते तरी का ती? मुद्दाम प्रोग्रॅमची एक ओळ मोडून बघ ना." मोडली. तरी हिरवीच! आम्ही पोट धरून हसलो. घरी येताना मात्र रिक्षात मला रडू फुटलं, कारण मला बाबांचं "छान" आठवत होतं.

गणपतीच्या दिवशी नैवेद्य दाखवला, बाबांना वाढलं. त्यांनी सांबार-भाताचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. मी दारात उभी होते, तुझ्याच जागी. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "मीठ घालूक इसारलंस काय गो?"

इतक्या वर्षांनी घरात ती बोली ऐकली आणि माझे डोळे भरून आले. मी मीठ आणून दिलं. त्यांनी ते कालवलं, "सोलांय कमी पडली" म्हणून पुटपुटले आणि ताट पुढे सरकवलं. "भात वाढ आणखी."

आता ते रोज स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसतात. मी हात धरून त्यांच्या तळव्यावर थेंब ठेवते आणि ते बिनदिक्कत नावं ठेवतात. पट्ट्याचं भोक अजून तेच आहे, पण ताट स्वच्छ असतं.

हे पत्र कुठे पाठवणार? घरात ठेवलं तर बाबांच्या हाती लागेल, म्हणून फाडून टाकणार आहे. ते येईल त्याला कौतुकाने सांगतात, नैवेद्याची चव बघता येत नाही ना, म्हणून पोरीकडून मीठ राहिलं. राहिलं नव्हतं, आई. मीठ मुठीत घेतलं होतं, ते मी परत बरणीत टाकलं. बाप्पालाही त्या दिवशी अळणीच जेवावं लागलं. तिकडे तुझी त्याची गाठ पडत असेल, तर तेवढं सांभाळून घे.