सत्ताविसावा जोड

४ फेब्रुवारी

ती. थोरले काका यांस,
खारूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. श्रवणयंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं कळलं. तीस वर्षं ड्रिल मशीनच्या शेजारी काढल्यावर आता जगाची बडबड ऐकायची हौस उरलेली नाही, हे तुमचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, दादाला आधीही ऐकू येत नव्हतंच, आता फक्त डॉक्टरचा कागद आहे.

आमचं हॉस्पिटल तिसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत आलं. माझं काम तुम्हाला मागे सांगितलं होतं. सगळी इमारत मॉडेल म्हणून कॉम्प्युटरवर आहे. बीम कॉलमला मिळतो त्या प्रत्येक जोडाला क्रमांक आहे. सुपरवायझरने जोडापाशी उभं राहून सळया तपासायच्या आणि टॅबवर त्या क्रमांकाचा चौकोन हिरवा करायचा. सगळे चौकोन हिरवे झाले की काँक्रीटच्या गाड्यांना आपोआप निरोप जातो. शिवाय टोपीवर कॅमेरा लावलेला एकजण मजला फिरतो; त्याचे फोटो मॉडेलमध्ये जागच्या जागी बसतात.

या छताचे सुपरवायझर बाबा होते. जोड बेचाळीस. काल नोंदी चाळताना दिसलं की सगळे बेचाळीस चौकोन सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी हिरवे झाले, आणि टॅब तेव्हा तळमजल्यावर चहाच्या टेबलाशी होता. तासाभरात काँक्रीट पडलं.

वीस तारखेला त्या छताखालचे टेकू निघायचे आहेत. त्याआधी माझा अहवाल मोठ्या साहेबांकडे गेला पाहिजे. हे लिहिलं तर निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बाबांची नोकरी जाईल. नाही लिहिलं तर वर चौथा मजला चढेल आणि खाली पेशंट झोपतील. बाबांना विचारलं. ते म्हणाले, मी पाहिलंय, आणि हात लांब करून पेपर धरला.

हे काम तुम्ही त्यांना शिकवलंत, म्हणून तुम्हाला विचारते. आईला यातलं काही माहीत नाही. या पत्रामुळे माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
खारू


८ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मी जन्मभर कामगारांच्या सभांत घसा कोरडा केला, उशाशी पुस्तकं बाळगली, आणि त्यातून एवढंच शिकलो की नोंद म्हणजे काम नव्हे. आमच्या काळी तपासणीची वही होती आणि महिनाभराच्या सह्या आधीच ठोकून ठेवणारे महाभागही होते. तेव्हा तुझ्या टॅबला मी शिव्या घालणार नाही. बोट कुठं टेकलं ते त्याला कळतं. डोळा कुठं फिरला ते कळत नाही, आणि कळतं असं जो म्हणेल त्याला मी भर चौकात खोटा म्हणेन.

आता नीट वाच. धाकटा माझ्या हाताखाली आला तेव्हा मी त्याला एक सवय लावली. जोडात हात घालून सळया मोजायच्या. मोजून झाल्यावरच तारेचा तुकडा वरच्या सळईला पिळायचा आणि त्याचा वाटोळा कान बाहेर काढून ठेवायचा. बाकी सगळे तारेचं टोक आत दाबतात, असा कान आपल्याखेरीज कुणी ठेवत नाही. कान नाही म्हणजे हात गेलेला नाही. काँक्रीट पडलं की कान गाडला जातो, म्हणून आजवर त्याची साक्ष काढायची सोय नव्हती. तुझ्या टोपीवाल्याने ती करून ठेवली आहे. फोटो बघ आणि कान मोज. बेचाळीस यावेत अशी आशा धरून मोजू नकोस. तशा मोजणीला मोजणी म्हणत नाहीत.

आणखी एक. एका मिनिटात बेचाळीस चौकोन दाबायला धाकट्याला दहा हात लागतील. ते त्याला कुणी दिले, हे तू लिहिलं नाहीस. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

तू खरं लिहिलंस तर माझा जीव तुझ्यावर राहील. खोटं लिहिलंस तरी राहील, पण मग पत्र फार लांब येईल.

थोरला काका


१३ फेब्रुवारी

ती. थोरले काका यांस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस फोटो मोठे करकरून पाहिले. कान एक्केचाळीस आहेत. सत्ताविसाव्या जोडाला कान नाही. तो जिन्याशेजारचा कोपरा. चारही बाजूंचे फोटो पाहिले, तरी नाही.

बाबांना तो फोटो दाखवला. त्यांनी तो हात लांब करून धरला. मग म्हणाले, त्या सकाळी तिथं पाईपवाल्यांची शिडी होती, नंतर येऊ म्हणून पुढे गेलो. मग गाड्यांसाठी घाई झाली, चहाच्या टेबलाशी टॅब हातात आला आणि कोपरा राहून गेला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. दहा हात मी दिले. ऑक्टोबरपासून बाबांना बारीक काही दिसत नाही. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. टॅबवरचे चौकोन शर्टाच्या बटणापेक्षा लहान; ते भलताच दाबत आणि सळया बांधणारे फिटर लोक हसत. मला ते बघवेना. म्हणून त्यांच्या एकट्याच्या टॅबवर मी एक मोठं बटण टाकलं, सगळे मान्य असं. जोडापाशी उभं असण्याची अटही त्या बटणापुरती काढली. तेव्हा मला ते चांगलं काम वाटलं होतं. पहिल्या पत्रात हे लिहिलं असतं, तर तुम्हाला विचारायला काही उरलंच नसतं.

आज सकाळी मोठ्या साहेबांकडे गेले. आधी बटण सांगितलं, मग जोड. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं की हे बटण आणखी कुणाच्या टॅबवर आहे का. नाही म्हटलं. टेकू काढणं थांबवलं आहे. उद्या काँक्रीटच्या आत पाहणारं यंत्र येईल. तोवर बाबांना आणि मला साइटवर मनाई आहे. दोघंही घरात समोरासमोर बसून आहोत. आईला वाटतंय आमचं भांडण झालंय; दोघांना एकाच वेळी वाढते आणि अबोला मोडायची वाट बघते.

रागावलात तरी पत्र पाठवा. न आलेल्या पत्राची भीती जास्त वाटते.

तुमची,
खारू


१७ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
आशीर्वाद.

साहेबांना आधी बटण सांगितलंस, हे बरं केलंस. त्यापलीकडे शाबासकी नाही.

दया करायची तर उजेडात करावी. धाकट्याला डॉक्टर हवा होता, मोठे चौकोन हवे होते. तू त्याला न पाहण्याची सोय करून दिलीस, आणि त्याने ती घेतली. दोघांनी मिळून एका कोपऱ्यावर उपकार केले, आणि तो कोपरा आता कुणाच्या तरी डोक्यावर आहे.

पण यात तिसराही आहे. मी त्याला कान वळायला शिकवलं. ते कान मोजायला रोज मी स्वतः शिडी चढत असे, हे मात्र त्याला कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं, दादा वर हवा खायला येतो. मी निवृत्त झालो आणि मोजणाऱ्याची जागा रिकामी राहिली. पाच वर्षं रिकामी होती.

धाकट्याला सांग, त्याच्या नोकरीपेक्षा मला त्या कोपऱ्याची काळजी आहे. त्याचंही तेच असणार, म्हणून तर तो न दिसणारा पेपर वाचत बसतो. यंत्र काय म्हणालं ते त्याने स्वतः लिहावं. तू लिहायचं नाहीस.

वडीलकीचा हात डोक्यावर आहे, तो कानाजवळही पोचतो हे विसरू नये.

थोरला काका


२४ मार्च

ती. दादा यांस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण स्वतः लिहा म्हणालात. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झाले. आता अक्षर दिसतं, आणि ते किती वाईट आहे हेही दिसतं.

सत्ताविसाव्या जोडात वर सहा सळया हव्या होत्या. यंत्राला चार दिसल्या. दोन पाईपवाल्यांनी वाट काढायला उपसल्या होत्या, परत कुणी घातल्या नाहीत. बाकीचे एक्केचाळीस बरोबर निघाले. कोपरा फोडायला आठ दिवस लागले.

नोकरी राहिली, हुद्दा गेला. निवृत्तीपर्यंत मी फिटर. बांधायचं, तपासायचं नाही. खारूचं मॉडेल दुसऱ्याकडे दिलं. तिला टॅब घेऊन जोडाजोडाला हिंडायचं काम आहे. ते मोठं बटण तिने स्वतःच्या हाताने काढलं. चौकोन आता तळहाताएवढे आहेत, सगळ्यांच्याच टॅबवर.

काल त्या जोडात नव्या सळया बसल्या. मी बांधल्या, मोजल्या, कान वळला. तपासायला खारू आली. मला वाटलं कान बघेल आणि चौकोन हिरवा करील. एक्केचाळीस वेळा खरा ठरलेला कान आहे. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाह्या सरसावून गुडघ्यावर बसली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि एक ते सहा मोठ्याने मोजले. मग एकेक सळई ओढून बघितली. मग टॅब काढला.

बाकीचे फिटर हसले, म्हणाले पोरीचा बापावर भरवसा नाही. मी त्यांना म्हटलं, नसूच दे.

उठताना तिने माझ्याकडे तारेचा तुकडा मागितला आणि माझ्या कानाशेजारी दुसरा कान वळला. जरा वाकडा आला. आज सकाळी काँक्रीट पडलं, दोन्ही गाडले गेले.

तुम्ही शिडी चढून काय करत होता, ते आता कळलं. लोभ आहे तेवढा असू द्या; मी मोजून घेईन.

तुमचा,
धाकटा