तुंबलेल्या पोटाची खबरबात

ता. २१, रविवार सकाळ

चि. छबडीस,

बाबांचा भरभरून आशीर्वाद. तुझ्या आईची कुरकुर चालू आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. माझं अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावून वाच. या पार्किन्सनने हाताबरोबर अक्षरालाही धरलंय.

तुझं पत्र काल मिळालं. पानभर बाळीच्या शीचंच पुराण! दोन दिवस अडली होती, मग झाली, आणि जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. आईची हसून मुरकुंडी वळली. मी मात्र तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. अगं, तेच दुखणं मला वर्षभर आहे आणि मी चकार शब्द काढला नाही.

बाळी झाली तेव्हा काम अडलंय म्हणून मी आलो नाही. घरी बसलेल्या प्लंबरचं कसलं काम अडतं? तू रागावलीस, ते बरोबरच होतं. खरं सांगायचं तर पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, दोन घासांत भरायचं, आणि सकाळी बाथरूममध्ये तास जायचा. तुमच्याकडे बाथरूम एकच. बाहेर जावई ऑफिसच्या घाईत टॉवेल घेऊन उभे आणि आत सासरा! मला विचारानेच घाम फुटायचा.

मग मी माझी अक्कल चालवली. पाइप तुंबला की आधी मेन कॉक बंद करायचा, हे जन्मभर केलेलं. म्हणून पाणी तोडलं, जेवण निम्म्यावर आणलं. झालं भलतंच. हात जास्त कापायला लागला, पाय जमिनीला चिकटायला लागले. शेवटी आईने मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि माझ्यादेखत सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की हा आजार आतडीही संथ करतो, आणि पार्किन्सनची गोळी पोटातच रेंगाळली तर तिचा गुण यायचा कसा? मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, पाणीच बंद केलंत तर तुंबलेलं वाहून कसं जाणार?"

गावभरच्या मोऱ्या मोकळ्या करणाऱ्याला हे ऐकावं लागलं. आई घरी येईपर्यंत हसत होती.

आता भरपूर पाणी, फळं-भाज्या, चालणं, पोटाचं औषध, आणि ती गोळी जेवणाच्या बरीच आधी. आज सकाळी पोट छान साफ झालं. बाहेर आलो तर आईने टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

छबडे, हे कायमचं बरं होणार नाही. उद्या पुन्हा अडेल. पण म्हणून नातीला न बघता बसणं आता माझ्याच्याने होत नाही. शनिवारी आम्ही दोघं निघतोय. जावयांना सांग, आंघोळ आधी उरकून घ्या, नंतर बाथरूम माझं.

आणखी एक. घास उतरायला मला वेळ लागतो, कधी अंगावर सांडतंही. मला वेगळं वाढू नकोस. सगळ्यांबरोबर बसव, आणि माझं आटोपेपर्यंत तू शेजारी थांब.

तुझ्यापुढे आता कसलीच लाज न उरलेला,
बाबा