फेन्स सरळ होईपर्यंत

१ जून, सकाळी ७
साखर कारखान्यातल्या लेबर ऑफिसरच्या खुर्चीतून काल सुटलो. आजपासून डायरी, योगासनं आणि सुतारकाम. बँडसॉ, म्हणजे पट्टीच्या पात्याचं लाकूड कापायचं मशीन, आला. गाडी रस्त्यावर काढून गॅरेजमध्ये मशीन बसवलं. अपेक्षा बाळंतपणाला येतेय. लेकीच्या बाळाचा पाळणा मी स्वतः करणार. दीपमाला म्हणाली, कराडात तयार मिळतात. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याची ओळख पटली नाही.
योगासनं उद्यापासून.

४ जून
लाकडाचा प्रश्न सुटला. सासूबाईंचा सागवानी पलंग. आष्ट्याचं घर बंद करून आमच्याकडे आल्या तेव्हा सोबत आणलेली त्यांची तेवढी एकच वस्तू. असा साग आता मिळत नाही. त्या देवळात गेल्या होत्या तेव्हा पलंग सुटा केला. परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "जावईबापू, मी कुटं निजू?" म्हणाल्या. मी म्हटलं, पणतवंडाच्या पाळण्यात तुमचा पलंग जाणार, भाग्य लागतं. देवळातला प्रसाद माझ्या हातावर ठेवून आत गेल्या. पटलं असावं. तात्पुरती लोखंडी खाट दिली आहे.

९ जून
पहिला कट. पट्टी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापड. पुढच्याही तशाच. दोष सापडला. फेन्स. म्हणजे लाकूड ज्या कडेला टेकवून पात्याकडे सरकवायचं ती कड. कंपनीची फेन्स पुढून घट्ट बसते आणि मागून म्हशीच्या शेपटीसारखी हलते. माझा हात स्थिर आहे हे यातून सिद्ध झालं. निर्णय: फेन्स स्वतः करायची. सागाची. एका दिवसाचं काम.
अपेक्षा आली. आठवा महिना. भुशाने खोकते. तिला म्हटलं, खोलीची खिडकी लावून घे.

१६ जून
फेन्स तयार. पलंगाची एक लांब बाजू लागली. पॉलिश केलं. व्हिडिओ काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. त्यातला एक माझा.

१९ जून
दमट हवेने फेन्स केळ्यासारखी वाकली. व्हिडिओ डिलीट. पलंगाची दुसरी बाजू घेतली. योगासनं १ तारखेपासून, म्हणजे महिना पूर्ण मिळेल.

२८ जून
गल्लीतला टेम्पोवाला रसूल आला होता. पाळणा कुठवर आला म्हणून विचारत होता. म्हटलं, आधी फेन्स. तो म्हणाला, "फेन्स म्हंजी कुंपण न्हवं? शेत न्हाई, काय न्हाई, कुंपण कशाला घालताय साहेब?" मी त्याला समांतर रेषा समजावून सांगितल्या. तो मोबाईल बघत व्हय व्हय म्हणत होता. जनरल नॉलेज कमी.
दुसरी फेन्स पात्याला लागून निम्मी कापली गेली. साग फार मऊ निघाला.

५ जुलै
पलंग संपला. हा शब्द दीपमालाचा. माझ्या मते तो संशोधनात गुंतवला आहे. चार खूर शिल्लक आहेत, ते पाळण्याच्या स्टँडसाठी राखून ठेवले. पाळणा थोडा लहान करावा लागेल. बाळंही सुरुवातीला लहानच असतात.

७ जुलै
लाकडात अर्थ नाही. लोखंड पाहिजे. स्टीलची पट्टी घेऊन घरभर फिरलो. कपाट वाकडं, खिडकीचे गज वाकडे. या घरात एक गोष्ट सरळ नाही. शेवटी सगळ्यात सरळ लोखंडी अँगल सासूबाईंच्या खाटेच्या कडेचा निघाला. तो काढून घेतला. गादी जमिनीवर घालून दिली. जमिनीवर झोपणं पाठीला उत्तम, योगातही हेच सांगितलंय. अपेक्षा आजीजवळ गादीवर बसली. माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. अभिमान वाटला असेल पोरीला.

११ जुलै
पहाटे सासूबाई जमिनीवरून उठताना पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, या वयात यांना खाली का झोपवलंत? दीपमालाने सांगितलं. सगळं सांगितलं, पलंगापासून. परक्या माणसापुढे घरचे विषय काढलेले मला आवडत नाहीत. येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "दीपा, त्यांना बोलू नगंस. लेकराचा पाळणा ऱ्हाईल." या घरात मला समजून घेणारी एकच व्यक्ती, आणि तिचा उजवा हात नेमका आता गेला. पॉलिशला मदत झाली असती.

१३ जुलै
तिघी सांगलीला नाथाजीकडे गेल्या. नाथाजी म्हणजे मेव्हणा. त्याच्या घरात माणसाला बसायला खुर्च्या आहेत, झोपायला पलंग आहेत, बाकी काही नाही. रसूलच्या टेम्पोत सामान चढवलं. अपेक्षा पुढच्या सीटवर आजीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. मी अँगलला भोकं पाडत होतो, ड्रिल मध्येच सोडता येत नाही. दीपमाला गॅरेजच्या दारात येऊन काहीतरी म्हणाली. आवाजात ऐकू आलं नाही. महत्त्वाचं असतं तर पुन्हा म्हणाली असती.
घर शांत. आता खरं काम होईल.

२२ जुलै
रोज पोहे. फेन्सला मागून घट्ट धरणारा क्लॅम्प चौथ्यांदा बदलला. अपेक्षाला मेसेज केला: प्रगती उत्तम, काळजी नसावी. निळ्या टिक्स आल्या.

२ ऑगस्ट
दीपमालाचा फोन. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. फार आनंद झाला. म्हटलं, इकडेही गुड न्यूज आहे, फेन्स पुढून मागून समांतर आली, केसाचा फरक नाही. फोन कट झाला. सांगलीत रेंजचा प्रॉब्लेम आहे.

६ ऑगस्ट
ट्रायल घ्यायला घरात लाकूड नव्हतं. खूर घेतले. काय कट आला. प्रत्येक पट्टी एकसारखी, उजेडात धरली तर आरपार दिसावं अशी. हात थांबेना. चारही खूर संपले तेव्हा लक्षात आलं, पाळण्याला आता काहीच उरलं नाही. पण मशीन तयार आहे. दुसऱ्या नातवंडापासून कसलीही अडचण येणार नाही.
बारशाचं निमंत्रण आज-उद्या येईल. कडक इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१६ ऑगस्ट
रसूल घुगऱ्यांचा डबा घेऊन आला. बारसं परवाच झालं. खुर्च्या आणायला त्याचाच टेम्पो होता म्हणे. "तुमी दिसला न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, कंबर धरली होती. नाथाजीने पाळणा आणलाय, झेंडूने सजवला होता, सासूबाईंनी प्लास्टरच्या हातानेच दोरी ओढली, हे सगळं त्याने उभ्या उभ्या सांगितलं. त्याला फेन्स दाखवली. छान हाय म्हणाला. मग म्हणाला, "नाव बी लय गोड ठिवलंय. कुणी सुचवलं वो?"
मी म्हटलं, मीच. फोनवरून.
"तरीच," म्हणाला आणि गेला.
घुगऱ्या खाल्ल्या. मीठ बरोबर होतं. दीपमाला फोन उचलत नाही, अपेक्षाचा लागत नाही, नाथाजीला मी करत नाही. राहिला रसूल. आता त्याला कोणत्या तोंडाने विचारू, नातीचं नाव काय?